तिसरी आले तर सायकल

परत आल्यावर स्टाफरूममध्ये प्रत्येकानं तेच विचारलं. "नाताळच्या सुट्टीत लोक मालवणला येतात, आणि तुम्ही मालवण सोडून दौंडला काय बघायला गेला होतात?" मी म्हटलं, सायकल. सगळे हसले, मीही हसले, कारण सांगायला बसले असते तर मधली सुट्टी पुरली नसती. म्हणून इथं सांगते.

मंगल आणि मी पुण्याला हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो. मी बी.एड. करत होते, ती नावाला कॉलेजात होती, एरवी रस्त्यावर. शिरूर तालुक्यातल्या धनगराच्या घरची मुलगी. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ती विकून शेती धरली आणि हिनं सायकल धरली. राज्य पातळीवर जिंकल्यावर खेळाडू म्हणून तिला दौंडच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. शर्यतीची सायकल कचेरीची, आणि नोकरी त्या सायकलीमुळं. मला वाटायचं, किती छान, सकाळी सायकलवर फिरून यायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. तिच्या लग्नानंतर आमची भेट नव्हती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्याकडे नुकते फोन आले होते. एके दिवशी तिचाच फोन आला, "शोभा, ये की. शर्यत हाय आमच्याकडं. पोरगीपण बघून जा. शिरूरला उतर, आम्ही घ्यायला येतो."

शिक्रापूर, चुकून

रात्रभरच्या प्रवासानं डोळे मिटत होते. पुण्याहून निघालेल्या एसटीत कंडक्टरनं काहीतरी 'शि' म्हटलं आणि मी पिशवी घेऊन उतरले. उतरल्यावर पाटी वाचली, शिक्रापूर. ट्रकांची रांग, तिन्ही बाजूंनी हॉर्न, धुळीचा पडदा आणि डबे घेऊन पाळीवर निघालेले कामगार. त्यातल्या एकाला विचारलं तर तो हिंदीत म्हणाला, "शिरूर तो आगे है, दीदी," आणि त्यानंच मला एका वडाप जीपमध्ये बसवून दिलं. आमच्याकडे टेम्पोत दहा माणसं बसली की अकरावा स्वतःहून थांबतो. इथं सोळावाही बसला, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, अर्धा बाहेर.

वाटेत एक काटकुळा पोरगा सायकलवर, पाठ आडवी करून, रस्त्याच्या कडेनं चालला होता. त्याच्यामागं लूनावर एक माणूस. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. जीप इतकी जवळून नेली, की मला त्याच्या कानातलं सोन्याचं फूल दिसलं. कानात फूल? मी मान वळवून पाहिलं. मंगल होती.

मी हाक मारली. तिनं पाहिलं नाही. लूनावाला मात्र आमच्या ड्रायव्हरकडं हात उगारून काहीतरी बोलत राहिला.

शिरूरच्या स्टँडवर ती दोघं माझ्यानंतर थोड्याच वेळात पोचली. "मी ओरडले, तुला ऐकू आलं नाही?" मी विचारलं.

"आलं की. हाका लई येतात. वळून बघायचं न्हाई, ही सवयच लागलीय."

लूनावरचा माणूस तिचा नवरा, दत्ता. दौंडला मोटारी वाइंडिंग करायचं त्याचं छोटं दुकान आहे. रोज सकाळी तो दुकान बंद ठेवून तिच्यामागं लूना चालवतो, म्हणजे ट्रकवाल्यांना निदान दोन वाहनं दिसतात. "ताई, एकटी बाई सायकलवर दिसली, की लोकांच्या अंगात येतं," तो एवढंच म्हणाला.

कमरेखाली जाणारी मंगलची वेणी नव्हती. आता केस मानेपर्यंत होते, तेही वेडेवाकडे. चौफुल्याजवळ मोटारसायकलवरच्या दोघांनी चालत्या सायकलीवर तिची वेणी ओढली होती. ती पडली, ते हसत निघून गेले. "घरी आले आन् आत्यांना म्हटलं, कातर द्या. आत्यांनीच कापले. मेंढरं कातरायची कातर हाय त्यांची, तिनं."

आत्या म्हणजे सासूबाई. आम्ही मिसळ मागवली. मंगलनं स्वतःसाठी नुसतं ताक घेतलं आणि मी खाताना ती माझ्या ताटाकडं पाहत होती. शर्यतीआधी वजन वाढून चालत नाही, म्हणाली.

इनामगाव

इनामगाव हे दत्ताचं गाव. त्यानं मला लूनावर मागं बसवलं. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस आणि मधूनच गुऱ्हाळाचा वास. मंगल पुढं होती. लूनाला तिच्याबरोबर राहायला कष्ट पडत होते. घोड नदी दिसली तशी ती थांबली आणि पिशवीतून साडी काढून घट्ट कपड्यांवरच गुंडाळली. "गावात असं जायचं," म्हणाली.

अंगणात आत्या सोनीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. सोनी मंगलची मुलगी, दोन वर्षांची. मंगलनं हात पुढं केले तसं तिनं आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"या बाई, लई लांबून आला तुम्ही," आत्या मला म्हणाल्या आणि मग सुनेला, "घाई करू नको. मांजरासारखी हाय ती. तिची ती यील."

सोनी अंगावर पीत होती तेव्हाच मंगल पुन्हा सरावाला लागली होती. पहाटे अंधारात दोघंही घराबाहेर पडायची, शर्यती असल्या तर आठवडाभर गाव सोडायची. मूल ठेवणार कुठं? आत्या तिला इनामगावला घेऊन आल्या. मंगल रविवारी येते, आणि रविवारी शर्यत असली तर येत नाही.

संध्याकाळी आत्यांनी हुलग्याचं माडगं केलं. पहिला घोट घेतला आणि मी थबकले. ही तर आमची कुळथाची पिठी. आम्ही नारळ नि कोकम घालतो, यांच्यात लसूण आणि ढीगभर मिरची. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोन वाट्या प्यायले. आत्या खूष झाल्या. "तुमच्यात मासं खात्यात ना रोज? काटं लागत न्हाईत?" त्यांनी विचारलं. सोनी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच वाटीतून पीत होती आणि मध्येच मंगलकडं चोरून बघत होती. मंगलनं पाहिलं, की मान खाली.

दुसऱ्या दिवशी मी गावाबाहेरची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, बघून आले. हजारो वर्षांपूर्वी इथं माणसं राहायची; उकरलं की रंगीत खापरं निघतात. पुस्तकात वाचलं होतं म्हणून मी मोठ्या उत्सुकतेनं एक तुकडा आत्यांना आणून दाखवला. "मेलेल्या माणसांची भांडी घरात नका आणू," त्या म्हणाल्या. मी गुपचूप परत ठेवून आले.

दुपारी मंगल नदीवर धुणं घेऊन निघाली, मीही गेले. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं साडी वर खोचली तेव्हा मला तिच्या मांडीची बाजू दिसली. कातडी जागोजागी वेगळ्या रंगाची, ठिगळं लावल्यासारखी. रस्त्यावर पडलं, की दर वेळी तीच जागा सोलते.

"साहेबांनी सांगितलंय," ती धुणं आपटत म्हणाली. "यंदा पहिल्या तिघींत आलीस, तर पुढच्या वर्षी सायकल तुझ्याकडं, अर्धा दिवस सरावाला सूट. न्हाई आलीस, तर पूर्ण वेळ टेबलावर बसायचं. सायकल दुसऱ्या मुलीला."

"म्हणजे नोकरी जाणार नाही?"

"न्हाई. नोकरी ऱ्हातीय. साधी क्लार्क. दहाला जायचं, सहाला यायचं. सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी. पोरगीला दौंडला आणता यील." तिनं साडी पिळली. पिळताना तिच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. "चौथी आले तर सोनी. तिसरी आले तर सायकल."

मी विचारलं, "तुला काय व्हायला हवंय?"

तिनं पुढचं कापड पाण्यात बुडवलं. मग म्हणाली, "ते विचारू नको. आन् ह्यांच्याजवळ तर बोलूच नको. दोन वर्षं दुकान बुडवलंय माझ्यापायी."

दौंड

दौंडची खोली रेल्वेलाइनजवळ, एकच, आणि त्यातली निम्मी जागा सायकलीची. सायकल भिंतीला कापडात गुंडाळून उभी, वर खिळ्याला जादा चाकं, खाली आम्ही तिघं. मालगाडी गेली, की चाकांच्या तारा किणकिणायच्या. मला पहिल्या रात्री झोप येईना. मंगल मात्र गाडीच्या आवाजात हलायचीही नाही.

सायकल चालवणाऱ्यांची दुखणी कोणाला सांगण्यासारखी नसतात, हे मला तिथं कळलं. बसायच्या जागी गळवं होतात. ती फुटेपर्यंत त्यावरच बसायचं. पाळी आली तरी चार तास सीटवरच. रस्त्यावर बाईला आडोसा नाही, म्हणून निघण्याआधी पाणी प्यायचं नाही. मग उन्हात पोटऱ्यांना गोळे येतात. हातांच्या शेवटच्या दोन बोटांना हँडल धरून धरून बधिरपणा आला होता. सोनीच्या झबल्याचे हूक तिला लावता येत नव्हते. हे सगळं तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. माझ्या शाळेतल्या बायका बदलीबद्दल बोलतात, तसं.

"तुझ्याबरोबरच्या ज्या मुली सायकल सोडून गेल्या, त्या काय करतात?" मी विचारलं.

"संसार." मग म्हणाली, "एक सोडून न्हाई गेली. शिक्रापूरच्या अलीकडं ट्रकनं उडवलं तिला. माझ्या म्होरं होती." मी ज्या रस्त्यावर चुकून उतरले होते, तोच तो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिनं भात खाल्ला. डोंगराएवढा, वर नुसतं वरण. त्या एकाच दिवशी पोटभर खायची परवानगी होती. भात खाताना ती कोकणातल्या माणसासारखी दिसत होती, असं मी म्हटलं, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली.

शिरूर ते दौंड

शर्यत शिरूरहून सुटायची. न्हावरं, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव, चौफुला, पाटस करत दौंडला संपायची. वीसएक मुली होत्या. सांगलीकडच्या दोघी सगळ्यांत तगड्या, असं दत्तानं सांगितलं. थंडी इतकी होती, की मुली अंगाला हात चोळत उभ्या होत्या. एका पुढाऱ्याचं भाषण संपेना. मंगल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता.

दत्ता आणि मी मागून येणाऱ्या टेम्पोत, सुटी चाकं आणि पाण्याच्या कॅनमध्ये बसलो. मला वाटलं होतं शर्यत म्हणजे सुटल्याबरोबर सगळे जिवाच्या आकांतानं पळणार. तसं नव्हतं. सगळ्या एका घोळक्यात, एकीच्या मागच्या चाकाला दुसरीचं पुढचं चाक जवळजवळ लागलेलं. पुढची वारा अंगावर घेते, मागच्या तिच्या आडोशाला राहतात. पुढं राहायला कोणीच तयार नसतं. समोरून गार वारा येत होता आणि बहुतेक वेळ मंगल पुढं दिसत होती.

"हिला किती वेळा सांगितलं, मागं ऱ्हा म्हणून," दत्ता पुटपुटला.

न्हावऱ्याला रस्त्याच्या कडेला आत्या उभ्या होत्या. सोनीला त्यांनी लाल टोपडं घातलं होतं. घोळका आला तसा त्यांनी तिचा हात धरून वर केला आणि हलवला. मुली सर्रकन गेल्या. मंगलनं पाहिलं नाही. टेम्पोतून मी हात केला. आत्या अजून सायकली गेल्या त्या दिशेलाच बघत होत्या.

पारगावच्या पुलाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीतून पडलेली कांडकी रस्त्यावर पसरली होती. पुढची मुलगी एकदम वळली, तिच्या मागची मंगलवर आली आणि चौघी एकमेकींवर कोसळल्या. सायकली आपटल्याचा आवाज मी विसरू शकत नाही. भांड्यांची मांडणी पडावी तसा. घोळक्यातल्या उरलेल्या बाजूनं निघून गेल्या. कोणी थांबत नाही. थांबायचं नसतं.

दत्ता टेम्पो थांबायच्या आत उडी मारून धावला. मीही गेले. मंगल कुशीवर पडली होती. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नव्हती, हनुवटी फुटली होती. बाकीच्या तिघींतली एक रडत होती, एक गुडघा धरून बसली होती.

"बास," दत्ता म्हणाला. "बास झालं, मंगल. चल, टेम्पोत बस."

त्या क्षणी सगळं तिच्या हातात होतं. तिनं नुसतं पडून राहायचं होतं. साहेब काही बोलले नसते, नवरा बोलला नसता, आणि सोनी दौंडला आली असती. असा विचार तिच्या मनात येऊन गेलाय, हे त्या रस्त्यावर फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते.

तिनं आधी हाताकडं पाहिलं नाही. चाकाकडं पाहिलं. पुढचं चाक उचलून बोटानं फिरवलं. ते ब्रेकला घासत होतं. "चाक," ती दत्ताला म्हणाली. तो हललाच नाही, तशी पुन्हा म्हणाली, "चाक द्या ना." मग दत्तानं टेम्पोतून चाक आणलं आणि बसवलं. तिनं हँडल सरळ केलं आणि निघाली. पहिल्या काही पॅडलांना ती वाकडीच चालत होती.

पुढचं मी टेम्पोतून पाहिलं. केडगाव स्टेशनाजवळ बाया डोक्यावर पाट्या घेऊन थबकून बघत होत्या. चौफुल्यानंतर मोठा रस्ता लागला, ट्रक आले. मंगल एकटी वाऱ्यात. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळून सायकलीच्या दांडीवर पडत होतं आणि ती डोकं वर करत नव्हती. पाटसच्या पुढं तिनं एक-एक करून मागं पडलेल्यांना गाठलं. कोणी तिच्या मागं लागायचं, जरा वेळ आडोशाला यायचं आणि सुटायचं. दौंडच्या वेशीपाशी पुढं तिघी उरल्या होत्या. सांगलीकडच्या दोघी कधीच निघून गेल्या. तिसरीला मंगलनं शेवटच्या वळणानंतर गाठलं. किती फरकानं, ते मला दिसलं नाही. दत्तानं माझा दंड इतका जोरात धरला, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं.

तिसरी.

हार घालताना तिला हात वर करता येईना. साहेब आले होते. म्हणाले, "शाब्बास, आता पुढच्या वर्षी पहिली यायचं." ती मान हलवत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ब्रशनं घासून जखमेतली खडी काढली, तेव्हा तिनं माझा हात धरला होता. खोलीवर आल्यावर चादर जखमेला चिकटायला लागली. आमच्याकडे भाजलं, की केळीच्या पानावर निजवतात. घरमालकांच्या परसात केळ होती. मी पान मागून आणलं, पुसलं, तेल लावून तिच्या हाताखाली आणि मांडीखाली ठेवलं. "गार लागतंय," ती म्हणाली.

दत्ता पेढे आणायला गेला होता. तिनं विचारलं, "न्हावऱ्याला सोनी दिसली का तुला?"

"दिसली. लाल टोपडं घातलं होतं. हात करत होती."

"मला न्हाई दिसली." ती छताकडं पाहत होती. "शोभा, पडून ऱ्हायले असते तर कोण काय म्हणालं असतं?"

"कोणीच काही नाही."

"तेच ना. पण मला त्या टायमाला काय आठवलंच न्हाई. ना सोनी, ना सायबाचं बोलणं. पुढच्या पोरींच्या पाठी दिसत व्हत्या, तेवढ्याच." आणि मग तिला रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं.

पुन्हा इनामगाव

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. इनामगावहून दुपारी शिरूरला जाणारी एसटी होती, म्हणून तिघं आधी तिकडं गेलो. मंगलला एसटीत बसता येईना. ती सगळी वाट दांडीला धरून उभी राहिली.

सोनीनं तिला पाहिलं, हनुवटीची पट्टी पाहिली, गुंडाळलेला हात पाहिला आणि जोरात किंचाळून आत पळाली. दत्ता तिला आणायला गेला, तशी आणखी रडली.

आत्यांनी विचारलं, "काय झालं मग शर्यतीचं?"

"तिसरी आली," दत्ता म्हणाला. त्याला ते सांगताना अजूनही आनंद आवरत नव्हता.

आत्यांनी पेढ्याचा पुडा घेतला, देवापुढं ठेवला आणि परत येऊन चुलीपुढं बसल्या. "म्हंजी अजून एक वरीस मीच पोरीची आई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. किती पीठ मळायचं हे मनाशी ठरवावं, तसं त्या बोलल्या.

मंगल म्हणाली, "व्हय, आत्या."

"बस मग. जेव. पोटात काय न्हाई तुझ्या."

बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर लोण्याचा गोळा. मंगल जेवली. एक भाकरी झाली, दुसरी झाली, आत्या तव्यावरून सरळ ताटात टाकत होत्या आणि ती खात होती, शर्यतीआधीचा तो भात सोडला, तर मी तिला असं खाताना पाहिलं नव्हतं. तिसरी भाकरी अर्धी झाली आणि तिचा हात ताटातच थांबला. भिंतीला टेकून ती बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, बोटांना भरीत लागलेलं.

मी ताट बाजूला घ्यायला उठले, तशी आत्यांनी मला खुणेनं थांबवलं.

दारातून सोनी आली होती. ती आधी उंबऱ्यावर थांबली. मग भिंतीच्या कडेकडेनं आली आणि मंगलच्या बाजूला उकिडवी बसली. बराच वेळ तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. हाताच्या पट्टीला एक बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ती तिच्या पायाला टेकून नीट बसली आणि ताटातला भाकरीचा तुकडा उचलून खाऊ लागली.

दत्ता हळूच म्हणाला, "आई, एसटीची वेळ झाली. ताईंना सोडाया मंगलला उठवतो."

"उठवू नको," आत्या म्हणाल्या. "ती जागी झाली की ही पळंल."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी पाराजवळ थांबली, जरा वेळ घरघरली आणि गेली. आम्ही कोणी जागचे हललो नाही.